ढिगात बंद पडणारा लोडर

माझं काम बंद पडलेल्या यंत्रांकडे जाण्याचं. यंत्र चालू असलेला मालक मला कशाला फोन करेल? त्यामुळे मला भेटणारी माणसं बहुतेक वैतागलेलीच असतात. मी मूळची कराडची. चेन्नईत लोडर विकणाऱ्या एका डीलरकडे सर्व्हिस इंजिनीअर आहे. गाडीतून टूलबॉक्स घेऊन मी उतरले की यार्डातली माणसं आधी माझ्यामागून कोण साहेब उतरतोय ते बघतात. कोणी उतरत नाही. मग मी म्हणते, "काय बघताय? बॉनेट उघडा." तमिळमधलं हे वाक्य मी सगळ्यात आधी शिकले, जेवण मागायच्याही आधी. आई म्हणते, तुझ्या जिभेला हाड नाही. नसेल. यार्डात हाड नसलेलीच जीभ कामाला येते.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर एका लोडरनं माझ्या नाकी नऊ आणले. शोळिंगनल्लूरच्या पुढं, जुन्या महाबलीपुरम रस्त्यापासून आत, वाळू आणि खडीचं एक यार्ड होतं. ढिगातून बादली भरायची आणि लॉरीत ओतायची, एवढंच त्या लोडरचं काम. सकाळी पहिल्या झटक्यात सुरू व्हायचा, छान चालायचा, आणि मग कधीतरी बादली ढिगात घुसली, जोर लागायला लागला, की धाप लागल्यासारखा करायचा आणि बंद पडायचा. थोडा वेळ गेला की पुन्हा सुरू.

यार्डाला लागूनच मालकांचं घर. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या तंजावरकडचे मराठी. मला हे ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी मी आमच्या मराठी मॅनेजरशी फोनवर मराठीत भांडत होते, आणि ओसरीवर खुर्ची टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी एकदम विचारलं, "तूं मराठी कीं?" मी फोन कानाला तसाच धरून बघत राहिले. "ये, बैस. कॉफी घेतेस कीं?" शब्द आमचेच, पण हेल सगळा तमिळ. मला इतकं बरं वाटलं की फोनवरचं भांडण अर्धवटच राहिलं.

त्या अम्मा. त्यांचे यजमान, म्हणजे धंद्याचे मूळ मालक, त्याच उन्हाळ्यात गेले होते. मुलगा इथल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. नोकरी सोडून त्यानं यार्ड हातात घेतलं होतं. वाईट माणूस नव्हता तो. फक्त प्रत्येक गोष्टीला कारण हवं, कारणाला उपाय हवा, आणि उपाय आजच्या आज हवा, असा त्याचा खाक्या. त्याला मराठी समजायचं, बोलताना मात्र तमिळ आणि इंग्रजीच यायचं.

लोडर चालवणारे ऑपरेटर साठीकडे झुकलेले, काटकुळे, कपाळाला विभूती, खांद्याला टॉवेल. मी त्यांना अण्णा म्हणायचे. लोडर नवा आला तेव्हापासून तेच चालवत होते, दुसऱ्या कोणाला त्यांनी किल्लीसुद्धा दिली नव्हती. रोज सकाळी यंत्र पुसायचे, तेही असं की माझी आई देव्हारासुद्धा इतका निगुतीनं पुसत नाही. ह्या नव्या मालकाला ते तंबी म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ, कारण त्याला चड्डीत असताना पाहिलेलं.

त्या तंबीनं पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, मशीनमध्ये फॉल्ट मिळाला तर ठीक. नाही मिळाला तर माणसात आहे. त्यांचे गुडघे गेलेत. पाय थरथरतो, ॲक्सिलरेटर नीट दाबला जात नाही, असं मला वाटतं. मी दुसरा ऑपरेटर बघून ठेवलाय."

"त्यांना सांगितलंय?"

"सांगितलंय. तुमचं तपासून होईपर्यंत थांबलोय."

म्हणजे मी फॉल्ट शोधायचा, नाहीतर अण्णा घरी. आणि ह्या वयात त्यांना दुसरा लोडर कोण देणार होतं? मी पान्हा उचलला तेव्हा अण्णा माझ्याकडे अजिबात बघत नव्हते. रेडिएटरच्या जाळीतली धूळ काढत होते, जी तिथं नव्हतीच.

डिझेल इंजिन चालता चालता बंद पडतं तेव्हा दहातल्या नऊ वेळा त्याची उपासमार झालेली असते. डिझेल पोचत नाही, किंवा डिझेलबरोबर हवा येते. मी टाकीचं झाकण उघडून डिझेल पाहिलं. भरपूर होतं, स्वच्छ होतं. मग टाकीपासून पंपापर्यंतची नळी हातानं चाचपत गेले. एका ठिकाणी क्लॅम्प ढिला लागला. झालं! मला काय आनंद! क्लॅम्प आवळला, हातपंप मारून नळीतली हवा काढली, आणि अण्णांना म्हटलं, घाला ढिगात. लोडर असा चालला की विचारू नका. मी अम्मांची दुसरी कॉफी घेतली आणि मिजाशीत निघाले.

वेलचेरीला घरी पोचून चपला काढते न काढते तोच फोन. बंद पडला.

दुसऱ्या खेपेला मी झाकण उघडून टाकीत टॉर्च मारला, तळाशी गाळ आहे का बघितलं. नव्हता. डिझेलचा फिल्टर बदलला, पाणी वेगळं करणारी वाटी रिकामी केली, टाकीतली जाळी काढून धुतली. लोडर पुन्हा गुणी बाळासारखा चालला. लॉरीवाले टाळ्या पिटायला लागले. एक जण म्हणाला, "मॅडम, तुम्ही इथंच राहा. तुम्हाला बघितलं की हा चालतो." आणि मी गेले की ये रे माझ्या मागल्या.

आमच्या ऑफिसातले एक साहेब एसीत बसून उंटावरून शेळ्या हाकायचे. "फीड पंप बदल. इंजेक्टर काढ. सेन्सर बघ." फीड पंपही बदलला. आजार रेड्याला आणि औषध पखालीला. पंपाचं बिल बघून तंबीचा चेहरा उतरला, आणि तो मला म्हणाला, "शनिवारपर्यंत. सोमवारी नवा माणूस येतोय."

मला खरंच राग आला, आणि माझा राग नेहमी जवळच्या माणसावर निघतो. मी अण्णांना म्हटलं, "अण्णा, खरं सांगा. पाय नीट पडतो ना तुमचा?"

त्यांनी केबिनची पायरी दाखवली, चढा म्हणून. मी त्यांच्या सीटशेजारी कोपऱ्यात अंग चोरून उभी राहिले. त्यांनी लोडर ढिगात घातला, बादली भरली, मागं घेतला, लॉरीत ओतलं. पुन्हा. पुन्हा. मी यंत्राकडे नाही, त्यांच्या पायाकडे बघत होते. गुडघा सुजलेला होता, ते दिसत होतं. पण पाऊल पेडलवर टेकलेलं असं, की मी माझ्या स्वतःच्या पायाची तेवढी खात्री दिली नसती. मग इंजिनाचा आवाज बारीक व्हायला लागला, इंजिनानं गचका दिला, आणि लोडर ढिगात तोंड खुपसून मेला. पाऊल तसंच होतं, जिथल्या तिथं.

"दिसलं?" अण्णा म्हणाले.

"दिसलं. माझं चुकलं, विचारायला नको होतं."

"विचारा की. तंबीपण विचारतो. सगळेच विचारतात. रात्री मी स्वतःलाच विचारतो." एवढं बोलून ते उतरले आणि टॉवेलानं दाराची मूठ पुसायला लागले. मी बाटलीतलं पाणी प्यायले आणि सांगितलं, शनिवारी मी सकाळपासून इथं बसणार आहे, उठणारच नाही.

शनिवारी सकाळी अण्णांनी टाकी काठोकाठ भरली. झाकण लावलं, काम सुरू केलं. मी ओसरीवर बसून बघत होते. आणि लोडर नेहमीपेक्षा कितीतरी लवकर बंद पडला. ही गोष्ट मला खटकली. मी अण्णांना विचारलं, "टाकी भरलेली असली की लवकर बंद पडतो का?" त्यांनी आठवून पाहिलं. हो, म्हणाले. डिझेल कमी असलं की बराच वेळ चालतो, भरलं की लगेच बंद. माझं डोकं चालायला लागलं, पण धागा अजून हाती लागत नव्हता. भरपूर खाल्लं की उपाशी मरतो, हा कुठला प्राणी?

तेवढ्यात जेवणाची वेळ झाली. लॉरीवाले निघून गेले, शेजारचा खडी चाळायचा यंत्रपसाराही थांबला. यार्डात एवढी शांतता मी तोवर ऐकलीच नव्हती. कावळे ऐकू यायला लागले. मी सवयीनं उठले आणि टाकीचं झाकण फिरवलं.

सुस्स! असा आवाज करून टाकीनं आत हवा ओढली.

आई शप्पथ! हा आवाज मी प्रत्येक वेळी केला होता आणि यार्डाच्या गदारोळात एकदाही ऐकला नव्हता. टाकीतून डिझेल जातं तशी त्याच्या जागी हवा आत यायला हवी. त्यासाठी झाकणाला एक बारीक भोक असतं. भोक बुजलं की टाकी आतल्या आत ओढली जाते, पंप कितीही ओढू दे, डिझेल येत नाही. फ्रुटीचा खोका ओढता ओढता चपटा होतो आणि मग स्ट्रॉमधून काही येत नाही, तसं. टाकी भरलेली असली की आत हवा कमी, म्हणून लवकर बंद. आणि मी दर वेळी ऐटीत डिझेल बघायला झाकण उघडायचे, हवा आत जायची, लोडर सुरू व्हायचा, आणि श्रेय क्लॅम्पला! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

मी झाकण उलटंसुलटं केलं. बरोबर मध्यावर चंदनाचा एक जाड टिळा होता, वर कुंकू. डिझेल आणि खडीची पूड बसून तो सिमेंटसारखा झाला होता. भोक त्याच्या खाली.

आयुधपूजेला इकडे प्रत्येक यंत्राला चंदन-कुंकू लावतात, केळीचे खुंट बांधतात. आम्हीही दसऱ्याला करतोच की. माझ्या वडिलांच्या स्कूटरला अजून हळदीचे डाग आहेत. ह्या लोडरलाही चाकांवर, बादलीवर, दारावर ठिपके होते. मी ते रोज बघत होते आणि बघतच नव्हते.

मी अण्णांना हाक मारली, झाकण नुसतं टेकवून ठेवायला सांगितलं, आणि म्हटलं, जेवण मागून, आधी चालवा. लोडर चालला. काठोकाठ टाकीवर चालला, मोठ्या ढिगात चालला, मी मुद्दाम बादली खोल घालायला लावली तरी चालला. शेवटी मीच थांबा म्हटलं.

"अण्णा! सुटलात! यंत्राचाच फॉल्ट!" मी झाकण त्यांच्यापुढं नाचवलं आणि सगळं समजावून सांगितलं.

मला वाटलं, हसतील. त्यांनी झाकण हातात घेतलं, तो टिळा पाहिला. ओसरीकडे पाठ करून हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, हे तंबीला सांगू नका. पाय चुकतो म्हणून सांगा."

"का? डोकं फिरलंय का तुमचं?"

"हे अम्मांनी लावलंय."

मग त्यांनी सांगितलं. मोठे मालक गेल्यावरची ती पहिलीच आयुधपूजा. नातेवाईक म्हणाले, ह्या वर्षी विधवेच्या हातानं नको, सुनेच्या हातानं होऊ दे. मुलगा हो म्हणाला नाही, नको म्हणाला नाही. अण्णाच अडून बसले, म्हणाले, इतकी वर्षं माझ्या वण्डीला अम्मांचा हात लागलाय, वण्डी म्हणजे गाडी, आणि दुसऱ्या कोणाचा लागणार असेल तर मी किल्ली ठेवतो. मग अम्मा आल्या. बाकीचे ठिपके सुनेनं दिले, एक अम्मांनी. आणि तेव्हापासून लोडर बंद पडतोय.

"आता हे कळलं तर काय म्हणतील? सांगितलं होतं, म्हणतील. घरात त्यांना पुन्हा कशाला हात लावू देतील?"

"अहो, चंदनाला काय कळतंय कोण सवाष्ण आणि कोण विधवा! भोक बुजलं, हवा गेली नाही. सुनेनं लावला असता तरी बंदच पडला असता!"

"तुम्हाला कळतं. मलाही कळतं."

"आणि तुमचं काय? सोमवारचं काय?"

"मी म्हातारा झालोच आहे," अण्णा म्हणाले. "गुडघा सुजतोच आहे. ते काही खोटं नाही."

मला इतकी तिडीक आली, त्यांची, त्या नातेवाइकांची, माझी, की मी पान्हा टूलबॉक्समध्ये आपटला. तेवढ्यात तंबी आला. लोडरचा आवाज ऐकून आला होता.

"मिळालं?"

"मिळालं," मी म्हटलं. "झाकणाचं हवेचं भोक बुजलं होतं."

"कशानं?"

मी खोटं बोलायच्या बेतात होते. धुळीनं, म्हणणार होते. पण झाकण अण्णांच्या हातात, टिळा उघडा. मी तोंड उघडायच्या आधीच अण्णा म्हणाले, "चंदनानं. पूजेला मीच लावलं होतं, जास्त झालं."

तंबी ओरडला नाही. म्हणाला, "अण्णा, एवढी वर्षं चालवताय. भोक कुठं असतं हे तुम्हाला माहीत नको? पंप बदलला, आठवडे वाया गेले. मग मी म्हणत होतो ते चूक कुठं होतं? शेवटी माणसातच निघालं. सोमवारी तो येऊ दे."

अण्णांनी मान हलवली. बरं, म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी डोळ्यांनीच मला बजावलं, आणि माझी ती हाड नसलेली जीभ टाळूला चिकटली. आयुष्यात एवढी कधी चिकटली नव्हती.

"तें झाकण इकडे आण," ओसरीवरून आवाज आला.

अम्मा खुर्चीतून उठल्या नव्हत्या. तंबीनं झाकण नेऊन दिलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ धरलं, नखानं टिळा खरवडला, बोट नाकाशी नेलं.

"हें माझें आहे."

"अम्मा, अण्णा म्हणाले—"

"तो म्हणेल. मी आंधळी नाहीं अजून. मीच लावलें. मोठ्या बोटानें, दाबून." त्या थांबल्या, मग मुलाकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "दरवर्षीं मी वर बॉनेटावर लावत होतें. तुझे अप्पा हात धरून मला पायरी चढवायचे. ह्या वर्षीं मी पायरीपाशीं येऊन उभी राहिलें. हा लाजला, मालकिणीचा हात कसा धरायचा म्हणून. तूं समोर उभा राहून फोटो काढत होतास. कोणीं हात दिला नाहीं. मग जिथवर माझा हात पोचला, तिथें लावलें."

अण्णा खाली बघत होते. तंबीचे कान लाल झाले होते. तो ओसरीच्या कडेला जाऊन उभा राहिला, खिशातून फोन काढला आणि सोमवारच्या त्या माणसाला सांगितलं की येऊ नको, जागा नाही. मग अण्णांकडे वळला. अण्णांनीच, "असू दे तंबी," म्हटलं आणि लोडरकडे चालू लागले.

तंबी आईच्या खुर्चीपाशी गेला आणि त्यानं हात पुढं केला.

"आतां कशाला?" अम्मा म्हणाल्या. "आतां कुठें चढायचें आहे?"

तो हात तसाच पुढं धरून उभा राहिला.